सहावा पर्याय

४ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण माझा फोन आईने पिठाच्या डब्यात ठेवलाय. परीक्षा होईपर्यंत मी कितीही गयावया केली तरी देऊ नकोस, असं मीच तिला बजावलं होतं. ती ते इतक्या निष्ठेने पाळते आहे की काल मी नुसतं डब्याकडे पाहिलं, तर तिने मला पीठ मळायला बसवलं.

प्रवेश परीक्षेचा निकाल लागला. गणितात शंभरापैकी शहाण्णव. व्हर्बलमध्ये, म्हणजे भाषेच्या भागात, एकसष्ट. पहिल्या खेपेला त्रेसष्ट होते, म्हणजे वर्षभर शिकवणी लावून मी दोन गुण घालवून दाखवले. बिझनेस स्कूलला दोन्हीकडे ऐंशी लागतात. जूनमध्ये तिसरी संधी आणि तीच शेवटची. चौथ्यांदा बसू देत नाहीत.

तुला वाटेल, पोरीला शब्द येत नसतील. शब्द येतात रे. पण ते एक परिच्छेद देतात, त्यात कोणीतरी काहीतरी ठासून सांगत असतो. मग विचारतात की याने काय गृहीत धरलंय, कशाने याचं म्हणणं कच्चं पडेल, यातून काय निष्कर्ष निघतो. खाली पाच पर्याय. पाचही सख्खी भावंडं, एकाच नाकाडोळ्यांची. मी त्यातलं सगळ्यात गोड भावंड उचलते आणि नेमकं तेच लबाड निघतं.

शिकवणीवाले सर म्हणतात की भरपूर वाच. मग मला आठवलं, आपल्या घरात एक माणूस असा आहे जो नुसती मॅन्युअलं वाचून इंग्रजी शिकला, वजनकाटे दुरुस्त करायला शिकला, आणि वाद घालायला तर त्याला मॅन्युअलही लागलं नाही. म्हणून सोबत एक सराव-पेपर पाठवते आहे. मला शिकव.

फुकटात नको. माझ्यानंतर वर्कशॉप तूच बघ, असं तू मला कधीपासून म्हणतो आहेस. तर हे लेखी घे: जूनच्या परीक्षेत माझं व्हर्बल ऐंशीच्या खाली राहिलं, तर मी निमूटपणे तुझ्या वर्कशॉपला येईन आणि काट्यांच्या गराड्यात बसेन. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

मामीला नमस्कार. लोभ आहेच; तो दुरुस्तीला आलेल्या काट्यासारखा मागेपुढे होऊ देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


११ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. त्यातल्या चुका वेगळ्या कागदावर लाल शाईने काढून सोबत पाठवतो आहे. मूळ पत्र मी ठेवून घेतलंय. लेखी करार आहे, तो कोणी परत करत नसतं.

तुझा पेपर मी वर्कशॉपमध्येच सोडवला. दहा प्रश्न होते. मागे छापलेल्या उत्तरांप्रमाणे माझे चार बरोबर आले, यावरून मागे छापलेली सहा उत्तरं चुकीची आहेत हे उघड आहे. मी प्रकाशकांना तसं पत्र टाकलंय, प्रत्येक चूक पानासकट दाखवून.

सातवा प्रश्नच घे. आपल्याच धंद्यावरचा आहे आणि त्याचीच काय माती केली आहे! परिच्छेद म्हणतो की दुकानदारांनी जुने काटे टाकून इलेक्ट्रॉनिक काटे घेतले, त्यानंतर गिऱ्हाइकांच्या तक्रारी निम्म्यावर आल्या, सबब इलेक्ट्रॉनिक काटा जास्त अचूक. हे म्हणणं कशाने कच्चं पडेल? अगं, दमट हवेने पडेल! पावसाळी हवेत तो काटा रिकामाच नाचतो, हे मी रोज बघतो. पाचही पर्यायांत दमट हवेचं नाव नाही. छापलेलं उत्तर काय, तर आकडे चमकताना दिसले की गिऱ्हाईक वजन तपासायचं सोडून देतं. याचा काट्याच्या अचूकपणाशी काय संबंध? पाचही पर्याय चुकीचे होते, म्हणून सहावा मी स्वतः लिहिला, त्याच्यापुढे गोल काढला आणि तो काळा केला.

तुलाही माझं हेच सांगणं आहे. छापलेल्या अक्षराला भिऊ नकोस. जे खरं आहे ते माहीत असेल, तर तेच लिही.

आणि एक, वडीलकीच्या नात्याने. ही शाळा हवीच कशाला? मी धंदा शिकायला कुठल्याही शाळेची पायरी चढलो नाही, तरी तीस वर्षं वर्कशॉप चाललंय. यावरून सिद्धच होतं की धंद्याला शाळा लागत नाही. पण तुझा हट्ट आहे, तर शिकवतो. शिकवणं चोख मिळेल. आमच्याकडे मापात पाप नाही.

मामीचे आशीर्वाद. लोभ आहे त्याहून गुंजभर तरी वाढावा.

तुझा,
मामा


२४ मार्च

चि. बंधूस,
अनेक आशीर्वाद.

तुझी भाची तुझ्याकडे पत्राने शिकते आहे हे मला ठाऊक होतं. पैजेचं मात्र काल कळलं, तेही शिकवणीवाल्या सरांचा फोन आल्यावर. ते विचारत होते, मुलीची तब्येत बरी आहे ना. वर्गातल्या सराव परीक्षेत तिने उत्तरपत्रिकेवर पेन्सिलने जास्तीचे गोल काढले, ते काळे केले आणि बाजूला कारणंही लिहिली. सर म्हणाले की इतकी वर्षं शिकवतो आहे, पण पाच पर्यायांतून सहावा निवडणारी विद्यार्थिनी पहिल्यांदाच बघतो आहे. अठ्ठेचाळीस गुण पडले.

आता मला एवढंच सांग. पोरगी पडली तर तुझ्या वर्कशॉपला येणार, आणि तिला शिकवणार तू. हा असा गुरू शोधायला तिला कोणी सांगितलं? मी तुझी थोरली बहीण आहे, तुझ्याबद्दल वाईट विचार मनात आणत नाही. पण तो आपोआप येतो, त्याला मी काय करू?

तिला ती शाळा मनापासून हवी आहे. भिंतीवर तिचं चित्र लावलंय आणि आंघोळीला जाताना त्याच्याकडे बघून जाते. मला तुझ्याइतकं शास्त्र कळत नाही. पण पारड्याखाली बोट लावलेलं मात्र मला लांबूनही दिसतं.

वहिनीला सांग, तिची आठवण येते. तुझी येते की नाही, ते जूननंतर ठरवीन.

तुझी,
ताई


२९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी चहा अर्धा टाकला. पारड्याखाली बोट? मी? ज्याच्या सहीशिवाय या भागातला एकही दुकानदार काटा मांडत नाही, त्याने भाचीच्या काट्याला बोट लावायचं?

प्रकाशकांचं उत्तर आलं. त्यांनी माझे आभार मानलेत, माझ्या चिकाटीचं कौतुक केलंय आणि उत्तरं तपासून बरोबर असल्याचं कळवलंय. पत्राचा सूर फार गोड आहे. ज्याच्या काट्यात काहीही बिघाड नसतो अशा गिऱ्हाइकाशी मी ज्या सुरात बोलतो, तोच हा सूर. मी ओळखला. मला तो आवडला नाही.

पोरगी ऐंशीच्या वर जाईल. नाही गेली, तर वर्कशॉपच्या दारावर 'अचूक' असं लिहिलेलं आहे ते मी स्वतः खरवडून काढीन. सहीनिशी देतो.

आठवणीचा निर्णय जूनपर्यंत राखून ठेवल्याबद्दल आभारी आहे.

तुझा,
धाकटा भाऊ


६ एप्रिल

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आई तुझ्यावर आणि माझ्यावर एकाच वेळी रागावली आहे. त्यामुळे घरात कामाची वाटणी सोपी झाली आहे: सगळं मी करते. फोन आता पिठाच्या डब्यातून कुठेतरी हलवलाय. मी शोधला नाही. शोधला असता तरी सापडला नसता, एवढं मी खात्रीने सांगू शकते.

अठ्ठेचाळीसचं मला वाईट वाटलं, पण तुझा राग नाही आला. उलट तुझे सहा आणि माझे अठरा, असे आपले चोवीस चुकलेले प्रश्न मी शेजारी मांडून बसले. आणि मामा, मला एक गंमत दिसली. तुझी सहाही उत्तरं खरी आहेत. दमट हवा खरी आहे. पण जिथे तुला परिच्छेदापेक्षा जास्त माहीत होतं, तिथेच तू पडलास. माझंही तेच. परिच्छेद दवाखान्याचा आला की मला आपल्या डॉक्टरीणबाई आठवतात, आणि मी उत्तर त्यांच्याबद्दल देऊन मोकळी होते.

तू एखाद्या दुकानात काटा तपासायला गेलास की पहिलं काम काय करतोस? पारडं रिकामं करायला लावतोस. दुकानदार म्हणतो की रिकामंच आहे. तू बोटाने दाखवतोस, आणि तिथे कागद असतो, नाहीतर ओलं फडकं, नाहीतर कालचा कांदा. मी लहानपणी तुझ्याबरोबर यायची तेव्हा मला याची फार मजा वाटायची. तर मामा, सातवा प्रश्न सोडवताना तुझ्या पारड्यात तीस वर्षं होती. ती आधी उतरवायला हवी होती. मग काय तोलायचं ते तोलायचं.

रागावलास? राग गेला की हा प्रश्न सोडव, नव्या संचातला आहे. एक नावाडी म्हणतो: मला पोहता येत नाही, तरी वीस वर्षं मी नाव चालवतो आहे, यावरून सिद्ध होतं की नावाड्याला पोहता यायची गरज नाही. या म्हणण्यातला सगळ्यात मोठा दोष कोणता? पर्याय मुद्दाम देत नाही. तू तसाही स्वतःचेच लिहितोस.

मामीला नमस्कार. लोभ ठेव, रिकाम्या पारड्यातही तेवढा राहू दे.

तुझी,
भिंगरी


१५ एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पारड्याबद्दल तू लिहिलंस ते मला पटलेलं नाही, हे आधी नोंदवतो. तुझं म्हणणं खोडून काढण्यासाठी म्हणून पेपर पुन्हा सोडवला. दहापैकी आठ आले. यावरून काहीही सिद्ध होत नाही.

पद्धत सांगतो, कारण पद्धत माझी आहे. मामीला समोर बसवलं आणि परिच्छेद तिच्या हातात दिला. मी उत्तर सांगायचं, आणि तिने फक्त विचारायचं की कुठे लिहिलंय. ओळीवर बोट ठेवता आलं तर उत्तर ठेवायचं, नाही आलं तर टाकायचं. मामीला हे काम अतिशय आवडलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढ्या आवडीने तिने माझं काही ऐकलेलं मला आठवत नाही. आता अडचण अशी झाली आहे की ती थांबत नाही. काल जेवताना मीठ कमी आहे म्हणालो, तर कुठे लिहिलंय म्हणून विचारलं. आज दमलो म्हणालो, तेव्हाही तेच. तूही आईला समोर बसव. रागावलेली आहे हे उत्तमच. रागावलेलं माणूस सूट देत नाही.

आता तुझा तो नावाडी. असा मूर्ख माणूस मी छापील कागदावर दुसरा पाहिला नाही! वीस वर्षांत त्याची नाव उलटली नाही, एवढंच यातून कळतं. नदी शांत असेल. वारा भला असेल. ज्यांना पोहता येत नव्हतं आणि ज्यांच्या नावा उलटल्या, ते बिचारे आपलं म्हणणं मांडायला किनाऱ्यावर आलेच नाहीत, त्यांना कोण विचारणार? नशिबाला कसब समजणारी आणि वर छाती काढून सांगत फिरणारी ही जात आहे. त्याची नाव त्याने खुशाल वल्हवावी. पण त्याच्या घरातल्या पोरांना तरी कोणीतरी कानाला धरून पोहायला पाठवलं पाहिजे. परीक्षेत मी हेच लिहिलं असतं, आणि पूर्ण गुण घेतले असते.

तुझ्यासाठी माझ्याकडून एक. व्यायामशाळेचा मालक काटा घेऊन आला. नव्या जागेत गेल्यापासून सगळे सभासद दोन-दोन किलोंनी जड भरतात, म्हणजे काटा बिघडला, असं म्हणतो. काय गृहीत धरलंय ते सांग. काट्यात काही बिघाड नव्हता, एवढं मी सांगतो. नव्या जागेशेजारी काय आहे ते सांगत नाही.

लोभ जोखून घ्यावा; कमी भरल्यास कळवावं.

तुझा,
मामा


२७ एप्रिल

ती. मामास,
सा. न. वि. वि.

व्यायामशाळेवाल्याने हे गृहीत धरलंय की सभासद जाडे झालेले नाहीत. शेजारी बेकरी आहे का, हे मी विचारणारच होते, पण आईने लगेच कुठे लिहिलंय म्हणून टोकलं. तिला समोर बसवलंय. तिचा राग अर्धा उतरला आहे. उरलेला अर्धा ती प्रश्न विचारण्यात वापरते. कालच्या सराव परीक्षेत शहात्तर आले! सरांनी पुन्हा फोन केला आणि पुन्हा तब्येत विचारली.

आता एक कबुली. नावाड्याचा प्रश्न कुठल्याही संचातला नाही. तो तुझ्याच ११ मार्चच्या पत्रातला आहे. नावेच्या जागी वर्कशॉप ठेव, पोहण्याच्या जागी शाळा ठेव आणि वीसच्या जागी तीस कर. बाकी शब्द जवळजवळ तुझेच आहेत.

त्या नावाड्याला तू काय काय म्हणालास ते मी इथे पुन्हा लिहीत नाही, मला वडीलधाऱ्यांचा मान राखायला शिकवलंय. आईला मात्र ते सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. इतकी हसली की उरलेला रागही त्यात सांडला. आणि घरातल्या पोरांना कानाला धरून पोहायला पाठवावं, हे तुझंच वाक्य आहे, मामा. मी कान पुढे केलाय.

शहात्तरच्या पुढे मात्र काटा हलत नाही. शेवटच्या पेपरातले चुकलेले प्रश्न सोबत पाठवते आहे. दरवेळी पाचांतले तीन पर्याय मी बरोबर टाकते, आणि उरलेल्या दोनांत चुकीचा घेते. का, ते कळत नाही. तुला दिसलं तर सांग. रागाने नाही सांगितलंस, तरी समजून घेईन.

लोभ असू दे, निदान नावाड्याचा तरी.

तुझी,
भिंगरी


९ मे

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. नावाड्याची तब्येत ठीक आहे. त्याने कळवायला सांगितलंय की त्याची नदी शांत नव्हती, दोनदा मोठा पूर आला होता. पण ते परिच्छेदात लिहिलेलं नव्हतं, म्हणून तो गप्प आहे.

तुझे चुकलेले प्रश्न पाहिले. दोष एकच आहे. शेवटी दोन पर्याय उरले की तू ते एकमेकांशी तोलतेस, आणि यातला बरा कोणता ते बघतेस. अशाने फक्त हे कळतं की कुठला कुठल्यापेक्षा जड आहे; दोन्ही खोटे असले तरी एक जड भरणारच. काटा तपासताना मी एका दुकानदाराची वजनं दुसऱ्याच्या वजनांशी कधीच ताडून बघत नाही. कपाटातली सरकारी शिक्क्याची वजनं काढतो आणि प्रत्येक त्यांच्याशी लावतो. तुझं शिक्क्याचं वजन म्हणजे परिच्छेद. एक पर्याय घे, परिच्छेदाशी लाव, खाली ठेव. मग दुसरा घे, पुन्हा परिच्छेदाशीच लाव. दोघांची एकमेकांशी गाठ पडू देऊ नकोस.

एवढंच.

मामा


९ मे, सोबतच

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

वरच्या पत्रात लोभाचा शब्दही नाही म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या पत्रानंतर तुझा मामा दोन जेवणं बोलला नाही. तिसऱ्या जेवणाला एकटाच हसला. मी कारण विचारलं, तर कुठे लिहिलंय म्हणाला. त्यानंतर वर्कशॉपमध्ये येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला नावाड्याचा प्रश्न घालतो आहे. उत्तर आल्याशिवाय काटा परत देत नाही. दोघं जण काटा ठेवून निघून गेले.

पण मला लिहायचं ते वेगळंच. हे पत्र लिहून झालं आणि त्याने ते पाकिटात घालून बाहेरच्या मोठ्या काट्याच्या पारड्यात ठेवलं. पोस्टात टाकलं नाही. मी जेवायला हाक मारली, आला नाही. तो काट्याभोवती फिरत होता. मला म्हणाला की एवढं एक तिला कळलं, की ती ऐंशीच्या पुढे गेलीच समज. मग थोड्या वेळाने विचारलं की नवीन बोर्डासाठी रंगारी माप घ्यायला कधी येणार आहे. बोर्ड कसला ते तुला कळलंच असेल. नावं ठरलेली आहेत, मामाचं आणि भाचीचं.

दुपारभर पत्र पारड्यात होतं. ऊन उतरल्यावर त्याने ते उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, माझा विचार बदलायच्या आत टाकून ये, आणि परत मागितलं तर देऊ नकोस. मी चपला न घालताच निघाले. वाटेत पोस्टाच्या ओट्यावर बसून हे चार शब्द आत सरकवते आहे.

नीट अभ्यास कर. आमच्याकडून जे निघायचं होतं ते निघालं.

तुझी,
मामी


२१ जून

ती. मामास,
सा. न. वि. वि.

चौऱ्याऐंशी!

आकडा दिसला तेव्हा मी आईला हाक मारली. तिने संगणकाच्या पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, कुठे लिहिलंय. मी बोट ठेवलं. तेव्हा कुठे रडली. फोन परत मिळाला, तो तिच्याच उशीखाली होता. पण हे तुला फोनवर सांगावंसं वाटेना.

परीक्षेत दोन उरले की मी हात मांडीखाली दाबून धरायची, एकाची दुसऱ्याशी गाठ पडू नये म्हणून. शेवटच्या भागात वजनमापांवर एक परिच्छेद आला. मामा, त्यातलं अर्धं चूक होतं. तू खुर्चीतून उडी मारली असतीस. मी पारडं रिकामं केलं आणि जे लिहिलं होतं तेवढंच तोललं.

शाळेचं पत्रही आलं. ऑगस्टमध्ये जायचंय, दोन वर्षांसाठी. आता पुढचं लिहायला पेन अडतंय. ठरल्याप्रमाणे वर्कशॉपचा विषय संपला, नाही का? पैज मी जिंकले. जिंकल्यावर एवढं गप्प गप्प वाटतं हे मला माहीत नव्हतं. मामीने बोर्डाचं लिहिलं होतं. रंगाऱ्याला नको म्हणून कळवलंस का?

दोघांना नमस्कार. लोभ होता तेवढाच राहावा, चौऱ्याऐंशीच्या मानाने कमी होऊ नये.

तुझी,
भिंगरी


२८ जून

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चौऱ्याऐंशीबद्दल अभिनंदन. वर्कशॉपमध्ये आलेल्या प्रत्येकाला सांगितलं, दोनदा. ते नावाड्यावरून पळालेले दोघंही काटे न्यायला आले होते. त्यांना तिसऱ्यांदा सांगितलं. दारावरचं 'अचूक' मी ओल्या फडक्याने पुसून घेतलं. आता लांबूनही वाचता येतं. ताईला कळव. माझी आठवण येते का, तेही विचार.

तू पास झालीस हे खरं. पण शिकलीस किती, याची मला शंका आहे. म्हणून शेवटचा एक प्रश्न.

परिच्छेद. एका भाचीने ४ मार्चच्या पत्रात मामाला लिहून दिलं: जूनच्या परीक्षेत माझं व्हर्बल ऐंशीच्या खाली राहिलं, तर मी निमूटपणे तुझ्या वर्कशॉपला येईन. पुढे तिला चौऱ्याऐंशी पडले. तिने लगेच कळवलं की आता वर्कशॉपचा विषय संपला. यातून खालीलपैकी कोणता निष्कर्ष खात्रीने निघतो?

अ. भाची वर्कशॉपला कधीही येणार नाही.
ब. मामाने रंगाऱ्याला नको म्हणून कळवलं.
क. वर्कशॉप दोन वर्षांत बंद पडेल.
ड. खाली राहिलं तर काय, एवढंच ठरलं होतं. वर गेलं तर काय, हे ठरलेलंच नाही.
इ. मामा हरला.

मूळ पत्र माझ्या समोर आहे. मामी शेजारी बसली आहे. पास झालीस तर येणार नाहीस असं तू म्हणतेस, म्हणून ती विचारते आहे की कुठे लिहिलंय.

पोहायला जा. चांगली खोल पाण्यात जा. इथली नदी कुठे जात नाही.

लोभ किती आहे ते या खेपेला मोजलेलं नाही. आमच्याकडे तेवढा मोठा काटा नाही.

तुझा,
मामा


४ जुलै

ती. मामास,
सा. न. वि. वि.

उत्तर ड. मी मूळ पत्र मागवणार होते, पण तू ते देणार नाहीस हे खात्रीने निघतं. आई पोट धरून हसते आहे. म्हणते, बोट लावलं नाही, पण काटा शेवटी स्वतःकडेच झुकवला. तुझी आठवण येते असंही म्हणते, पण हे मी तुला सांगू नये अशी तिची अट आहे.

पण मामा, परीक्षा संपली. आता पारड्यात काय वाटेल ते ठेवायची मला मुभा आहे. आणि मला तुझे पाचही पर्याय पसंत नाहीत. म्हणून सहावा मी स्वतः लिहिते, त्याच्यापुढे गोल काढते आणि तो काळा करते:

रंगाऱ्याला सांग, 'मामा' ठळक आणि 'भाची' बारीक असलं काही चालणार नाही. दोन्ही अक्षरं एका उंचीची हवीत. दोन वर्षांनी येऊन पट्टीने मोजीन.

लोभ आत्ताच नको सगळा देऊन टाकूस, थोडा वर्कशॉपमध्ये ठेव.

तुझी,
भिंगरी